ट्रिपॅनोसोमची वाढ आणि विभाजन

आफ्रिकेतील माणसांचा निद्रारोग, तेथील गुरांचा नागाना, भारतातील उंट, घोडे आणि गाईम्हशी यांना होणारा सर्रा आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील शागास रोग हे सर्व ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवींच्या निरनिराळ्या जातींमुळे होतात. यांपैकी पहिल्या तीन रोगांत माशीच्या एका दंशातून शरीरात शिरणारे परजीवी संख्येने इतके थोडे असतात की तेवढ्यांनी कोणतेही जनावर आजारी पडू नये. परंतु रक्तात पोहत असतानाच ते एकाचे दोन आणि दोनाचे चार होत जातात आणि थोड्याच दिवसांत रक्ताच्या प्रत्येक थेंबात त्यांची दाटी होते. त्यामुळे या रोगांची मीमांसा करताना परजीवी कोठून आला या प्रश्नाइतकाच तो वाढतो कसा, दुभंगतो कसा आणि थांबतो केव्हा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि गेल्या चार दशकांतील संशोधनाने त्याचे जे उत्तर दिले आहे ते पेशीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील परिचित चित्राहून पुष्कळच वेगळे आहे.

या वेगळेपणाचे मूळ पेशीच्या रचनेत आहे. माणसाच्या बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका, म्हणजे ऊर्जानिर्मिती करणारी अंगके, शेकड्यांनी असतात. पेशी दुभंगताना ती दोन्ही बाजूंना कमीजास्त वाटली गेली तरी कोणतीही कन्यापेशी त्यांना पूर्णपणे मुकत नाही. ट्रिपॅनोसोमकडे अशी उधळमाधळ नाही. त्याच्या पेशीत केंद्रक एक, सबंध पेशीभर पसरलेली तंतुकणिका एक, प्रथिनांची रवानगी करणारे गॉल्जी संकुल एक आणि पोहण्यासाठी लागणारी चाबकासारखी शेपटी, म्हणजे कशाभिका, तीही एकच असते. कशाभिका जेथून बाहेर पडते त्या जागी पेशीच्या आवरणात एक खोलगट कप्पा असतो आणि बाहेरचे पदार्थ आत घेण्याचे व आतले बाहेर टाकण्याचे सर्व काम त्या एकाच कप्प्यातून चालते. अशा पेशीला दुभंगायचे असेल तर यांपैकी प्रत्येक वस्तूची आधी बरोबर एक प्रत तयार व्हावी लागते आणि जुनी वस्तू एका बाजूला व नवी दुसऱ्या बाजूला गेल्यानंतरच मधली भेग पडावी लागते, कारण क्रम चुकला तर जन्मणारी पेशी अपुरी राहून मरते.

या क्रमाचा सर्वांत बारकाईने अभ्यास ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या आफ्रिकी जातीत झाला आहे. तिची लांबी साधारण वीस मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग असते. ही जाती प्रयोगशाळेत वाढवता येते आणि तिच्या पेशीतील प्रत्येक अंगकाची जागा ठरलेली असल्यामुळे, एखादी पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे केवळ तिच्याकडे पाहून सांगता येते. १९८९ आणि १९९० मध्ये ब्रिटिश पेशीवैज्ञानिक कीथ गल आणि त्यांचे सहकारी यांनी या टप्प्यांचे वेळापत्रक प्रसिद्ध केले आणि आजही या क्षेत्रातील प्रत्येक नवा अभ्यासक त्या वेळापत्रकापासूनच सुरुवात करतो. हा परजीवी पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या आतड्यात आढळणारे त्याचे रूप प्रयोगशाळेत सुमारे साडेआठ तासांत दुप्पट होते, तर रक्तातील रूपाला सुमारे सहा तास पुरतात. या दुसऱ्या वेगाने, कोणताही अडथळा न आल्यास, एका परजीवीचे एका दिवसात सोळा आणि दोन दिवसांत दोनशे छप्पन्न होतात.

विभाजनाची पहिली दृश्य खूण केंद्रकात दिसत नाही, ती कशाभिकेच्या बुडाशी दिसते. तेथे कशाभिकेला आधार देणारा एक नळकांड्यासारखा मूलपिंड असतो आणि त्याच्या शेजारी एक अर्धवट वाढलेला दुसरा पिंड वाट पाहत असतो. पेशीचक्र सुरू झाले की हा दुसरा पिंड पूर्ण होतो, त्यातून नवी कशाभिका फुटू लागते आणि दोन्ही पिंडांच्या शेजारी पुढच्या पिढीसाठी एकेक नवा अर्धवट पिंड तयार होतो. त्यानंतर नवा मूलपिंड जुन्याभोवती वळसा घेऊन पेशीच्या मागच्या टोकाच्या बाजूला येतो आणि तेवढ्या हालचालीने कशाभिकेचा कप्पाही दोन भागांत वाटला जातो. गॉल्जी संकुलाची नवी प्रत याच परिसरात, जुन्या प्रतीच्या जवळच उभी राहते.

नव्या कशाभिकेला वाढताना दिशा लागते, आणि ती दिशा जुन्या कशाभिकेकडून मिळते. माशीतील रूपात नव्या कशाभिकेचे टोक एका लहानशा जोडणीने जुन्या कशाभिकेच्या बाजूला चिकटलेले असते आणि नवी कशाभिका लांब होत जाते तशी ही जोडणी जुनीच्या अंगावरून पुढे सरकत जाते, त्यामुळे नवी जुनीच्या समांतर, तिच्याच वळणाने वाढते. २००१ मध्ये वर्णन झालेली ही रचना जीवशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण पेशीचा आकार एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे केवळ जनुकांतूनच जातो असे नाही, जुन्या रचनेचा प्रत्यक्ष आधार घेऊनही तो पोचतो, हे तिच्यात डोळ्यांना दिसते. रक्तातील रूपात ही जोडणी नसते. तेथे नव्या कशाभिकेचे टोक पेशीच्या पृष्ठभागावरील एका खोबणीत बसून पुढे सरकते.

पेशीच्या सांगाड्याबाबतही हेच तत्त्व दिसते. ट्रिपॅनोसोमच्या आवरणाच्या लगेच आत शंभराहून अधिक सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ काड्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर उभ्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामुळेच पेशीला तिचा निमुळता आकार मिळतो. अनेक प्राणीपेशी दुभंगताना आपला सांगाडा बराचसा मोडून पुन्हा बांधतात. ट्रिपॅनोसोम मात्र तो कधीच मोडत नाही. जुन्या काड्यांच्या मधल्या जागेत नव्या काड्या घुसत जातात, पेशी रुंद होते, आणि विभाजनानंतर प्रत्येक कन्यापेशीच्या वाट्याला काही जुन्या व काही नव्या काड्यांचे मिश्रण येते. परजीवीला या पद्धतीचा लाभ उघड आहे: दुभंगत असतानाही त्याचे पोहणे थांबत नाही, आणि रक्तात पोहणे थांबणे म्हणजे त्याच्या दृष्टीने मरणच असते. २००६ मध्ये कशाभिकेची प्रथिने एकामागून एक बंद करून केलेल्या प्रयोगांत रक्तातील रूप पोहण्यास असमर्थ होताच त्याचे विभाजनही अडकले आणि एकमेकींपासून न सुटलेल्या, अनेक कशाभिका असलेल्या पेशींचे गोळे तयार झाले.

आता या पेशीतील सर्वांत विलक्षण वस्तूकडे वळणे आवश्यक आहे. तंतुकणिकेच्या आत, कशाभिकेच्या मूलपिंडासमोर, डीएनएची एक दाट चकती असते. तिला कायनेटोप्लास्ट म्हणतात आणि तिच्याच नावावरून जीवांच्या या संपूर्ण गटाला नाव मिळाले आहे. ही चकती डीएनएच्या हजारो लहान वलयांनी आणि काही डझन मोठ्या वलयांनी बनलेली असते आणि ही वलये लोखंडी कड्यांच्या चिलखताप्रमाणे एकमेकांत अडकवलेली असतात. मोठ्या वलयांवर तंतुकणिकेच्या कामाची जनुके असतात, पण त्यांतील अनेक जनुकांचा मजकूर जसाच्या तसा वाचता येत नाही. त्यांच्या आरएनए प्रतींमध्ये ठिकठिकाणी युरिडिन हा घटक घालावा किंवा काढावा लागतो, आणि ही दुरुस्ती कोठे करायची याच्या सूचना बहुतांशी लहान वलयांवरून येतात. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या रॉब बेने यांच्या गटाने दाखवलेली ही आरएनए दुरुस्ती तेव्हा अविश्वसनीय वाटावी अशीच होती. लहान वलये अनेक प्रकारची असतात आणि त्यांतील एखादा आवश्यक प्रकार वाटणीत हरवला तर संबंधित जनुक कायमचे निरर्थक होते, म्हणून त्यांची वाटणी अचूक व्हावी लागते.

एकमेकांत अडकलेल्या हजारो कड्यांची प्रत काढायची कशी, या अडचणीवर ट्रिपॅनोसोमने काढलेला तोडगा थांबून पाहण्यासारखा आहे. लहान वलये एकेक करून जाळ्यातून सोडवली जातात आणि चकती व मूलपिंड यांच्या मधल्या जागेत त्यांची प्रत काढली जाते; मग जुने आणि नवे अशी दोन्ही वलये चकतीच्या समोरासमोरच्या दोन कडांवर पुन्हा अडकवली जातात. डीएनएची वलये कापून, एकातून दुसरे ओवून पुन्हा सांधण्याचे काम टोपोआयसोमरेज नावाचे विकर करते. प्रत काढून झालेल्या वलयांच्या धाग्यात मुद्दाम बारीक खंड ठेवलेले असतात आणि सर्व वलयांची प्रत पूर्ण होईपर्यंत ते भरले जात नाहीत. त्यामुळे कोणत्या वलयाची पाळी झाली आणि कोणत्याची राहिली याची नोंद त्या वलयावरच राहते आणि एकाच वलयाची दोनदा प्रत निघत नाही. केंद्रकातील डीएनएची प्रत निघण्यास सुरुवात होण्याच्या थोडे आधीच हे काम सुरू होते आणि केंद्रकाच्या आधीच ते संपते.

दुप्पट झालेले जाळे वेगळे करण्यासाठी पेशीकडे स्वतंत्र यंत्रणा नाही, तिने ते काम मूलपिंडांकडे सोपवले आहे. मूलपिंड आणि कायनेटोप्लास्ट यांच्यामध्ये तंतुकणिकेचे दुहेरी आवरण असते, तरी त्या आवरणातून आरपार जाणाऱ्या धाग्यांनी दोघे एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे मूलपिंड एकमेकांपासून दूर सरकले की कायनेटोप्लास्टचे दोन भागही आपोआप दूर खेचले जातात. १९९१ मध्ये डेरिक रॉबिन्सन आणि कीथ गल यांनी मूलपिंडांच्या हालचालीचा हा संबंध दाखवला आणि २००३ मध्ये त्या धाग्यांची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपशिलाने मांडली गेली. पोहण्याचे साधन आणि आनुवंशिक द्रव्याची वाटणी यांची अशी सांगड कायनेटोप्लास्ट बाळगणाऱ्या या गटाबाहेर क्वचितच आढळेल.

केंद्रकाचे विभाजन यानंतर येते. ट्रिपॅनोसोमा ब्रुसीत मोठ्या गुणसूत्रांच्या अकरा जोड्या, काही मध्यम आणि सुमारे शंभर अतिशय लहान गुणसूत्रे असतात. विभाजनाच्या वेळी माणसाच्या पेशीतील गुणसूत्रे आखूड व जाड होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात आणि केंद्रकाचे आवरण विरघळते. येथे यांपैकी काहीही घडत नाही. आवरण शाबूत राहते, गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे तुर्कतंतू केंद्रकाच्या आतच उभे राहतात आणि केंद्रक लांबट होत जाऊन मध्ये तुटते. गुणसूत्रे तुर्कतंतूंना ज्या प्रथिनांनी पकडली जातात ती प्रथिने यीस्टपासून माणसापर्यंत बरीचशी सारखी आहेत, म्हणून ती सर्वच केंद्रकयुक्त जीवांत असणार अशी समजूत होती. २००५ मध्ये या परजीवीच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाले तेव्हा त्यांतील बहुतेक प्रथिने त्यात सापडली नाहीत, आणि २०१४ मध्ये बुंगो अकियोशी आणि गल यांनी त्याच कामासाठी असलेला एक अगदी निराळा प्रथिनसंच शोधून काढला. माणसाच्या पेशीत ज्यांचे नातलग नाहीत अशा प्रथिनांवर औषध शोधण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली असून हा शोध त्यामुळेच पेशीविज्ञानाबाहेरही महत्त्वाचा आहे.

दोन कायनेटोप्लास्ट, दोन केंद्रके आणि दोन कशाभिका अशी पेशी तयार झाली की शेवटी जीवद्रव्याचे विभाजन होते. माणसाच्या पेशीचा मध्यभाग एका आकुंचन पावणाऱ्या कड्याने आवळला जातो. ट्रिपॅनोसोममध्ये असे कडे नाही. येथे पेशीच्या पुढच्या टोकाला, नव्या कशाभिकेच्या टोकाजवळ भेग सुरू होते आणि दोन्ही कशाभिकांच्या मधून पेशीच्या लांबीच्या दिशेने मागच्या टोकापर्यंत जाते. नव्या कशाभिकेची पेशीला चिकटलेली पट्टी जितकी लांब, तितकी नवी कन्यापेशी लांब. ही पट्टी प्रयोगाने आखूड केली तर एक पेशी नेहमीएवढी आणि दुसरी खुजी जन्मते. तंतुकणिकेच्या फांद्या सर्वांत शेवटी तुटतात आणि मागच्या टोकाशी काही काळ जुळून राहिलेल्या दोन पेशी विरुद्ध दिशांना पोहत एकमेकींपासून सुटतात.

प्रत्येक टप्प्यावर आधीचे काम पूर्ण झाले की नाही हे तपासणाऱ्या यंत्रणा बहुतेक पेशींत असतात, पण ट्रिपॅनोसोममध्ये त्यांची मांडणी रूपागणिक बदलते. माशीतील रूपात केंद्रकाचे विभाजन रोखले तरी पेशी दुभंगतेच आणि केंद्रकच नसलेली, केवळ कायनेटोप्लास्ट असलेली एक पेशी जन्मते. ती फार काळ जगत नाही, पण काही काळ पोहत राहते. रक्तातील रूपात हाच अडथळा आणला तर पेशी दुभंगत नाही, तिच्यातील कायनेटोप्लास्ट आणि कशाभिका मात्र वाढत जातात. एकच जनुकसंच असलेल्या एकाच जीवाने दोन यजमानांमध्ये विभाजनाचे दोन वेगळे नियम पाळावेत, ही गोष्ट अद्याप पुरती उलगडलेली नाही.

रक्तात वाढण्याची किंमतही मोठी असते. रक्तातील रूप आपली ऊर्जा जवळजवळ संपूर्णपणे यजमानाच्या ग्लुकोजमधून मिळवते, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक विकरे ज्या स्वतंत्र कप्प्यांमध्ये बंद असतात त्या ग्लायकोसोमचा शोध १९७७ मध्ये ओपरडोस आणि बोर्स्ट यांनी लावला. शिवाय या रूपाच्या सर्वांगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा थर असतो आणि दर विभाजनापूर्वी तेवढेच रेणू नव्याने बनवावे लागतात. २००५ मधील प्रयोगांनुसार हे उत्पादन थांबवले की पेशी शेवटच्या टप्प्यापूर्वीच अडकते. यजमानाचे प्रतिपिंड या थराला ओळखून परजीवींचा नाश करतात, तोपर्यंत काही थोड्या परजीवींनी थराचे प्रथिन बदललेले असते आणि त्यांची नवी पिढी वाढू लागते. या लाटा १९१० मध्येच मोजल्या गेल्या होत्या: अल्मोडा येथे जन्मलेले आणि हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी डेव्हिड थॉमसन यांच्यासह लिव्हरपूलमधील एका निद्रारोग्याच्या रक्तातील परजीवी रोजच्या रोज मोजले आणि दर सात-आठ दिवसांनी त्यांची संख्या चढते व उतरते हे आलेखाने दाखवले.

संख्येच्या उताराला प्रतिपिंडांखेरीज परजीवी स्वतःही कारण असतो. रक्तात दाटी वाढली की सडपातळ, दुभंगणारी रूपे आखूड व जाड रूपांत बदलतात आणि या रूपांचे विभाजन थांबते. दाटीची खबर पेशींना कशी लागते हे दीर्घकाळ गूढ होते. २०१९ मध्ये एडिनबरोच्या कीथ मॅथ्यूज यांच्या गटाने असे दाखवले की परजीवी बाहेर सोडत असलेली विकरे यजमानाच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि हे तुकडे पेशीत शिरू लागले की विभाजन थांबण्याचा संदेश मिळतो. आखूड रूप काही दिवसच जगते, पण त्सेत्से माशीने ते शोषून घेतले तर तिच्या आतड्यात त्याचे विभाजन पुन्हा सुरू होते. यजमान लवकर मरू नये आणि माशीपर्यंत जाण्यासाठी सज्ज परजीवी रक्तात असावेत, ही दोन्ही कामे या एका थांबण्याने साधतात. माशीत नेण्यासाठी आखूड रूपच लागते, हा समज मात्र २०२१ मध्ये वुर्झबर्ग येथील प्रयोगांनी हलवला. तेथे सडपातळ रूपांनीही माशीला संसर्ग केला. माशीच्या लाळग्रंथींत पोचल्यावर जे अंतिम रूप तयार होते तेही पुढच्या दंशापर्यंत दुभंगत नाही. शागास रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रूझीत ही व्यवस्था उलटी आहे: तेथे रक्तात पोहणारे रूप मुळीच दुभंगत नाही आणि वाढ स्नायू व इतर पेशींच्या आत, गोलसर रूपात होते.

वाढ थांबवणे हाच इलाज होऊ शकतो हे एफ्लॉर्निथिन या औषधाने सिद्ध केले. पेशीच्या वाढीसाठी पॉलिअमाइन नावाचे लहान रेणू लागतात आणि ते बनवणारे ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज हे विकर हे औषध निकामी करते. माणसाच्या पेशी हे विकर सतत मोडून नवे बनवत असल्याने त्या लवकर सावरतात. परजीवीचे विकर दीर्घकाळ टिकणारे असल्यामुळे एकदा निकामी झाले की लवकर भरून निघत नाही. औषध परजीवीला तत्काळ मारत नाही, फक्त दुभंगू देत नाही, आणि उरलेले काम रुग्णाची प्रतिकारशक्ती करते. २००९ पासून ते निफर्टिमॉक्स या दुसऱ्या औषधासह पश्चिम व मध्य आफ्रिकेतील निद्रारोगावर दिले जाऊ लागले.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या कुलातील सर्वांत जवळची जाती ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी ही आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने तत्कालीन पंजाबमधील डेरा इस्माइल खान येथे सर्रा झालेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात ती पाहिली, आणि सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम प्रथम ओळखला गेला तो तेथेच. ही जाती ब्रुसीपासूनच निर्माण झाली आहे, पण तिने कायनेटोप्लास्टची मोठी वलये गमावली आहेत आणि तिच्या काही वंशांत तर लहान वलयेही उरलेली नाहीत. त्सेत्से माशीच्या आतड्यात ऊर्जेसाठी तंतुकणिकेची पूर्ण यंत्रणा लागत असल्याने तो मार्ग तिला कायमचा बंद झाला. टॅबॅनस प्रजातीच्या रक्तपिपासू माश्या सोंडेला लागलेले ओले रक्त एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात, तेवढ्यावर तिचा प्रसार चालतो. माशीत वाढण्याची अट नसल्यामुळेच त्सेत्से नसलेल्या आशियात आणि दक्षिण अमेरिकेत ती पसरू शकली. कायनेटोप्लास्टशिवाय रक्तातील रूपसुद्धा जगू नये, कारण एटीपी सिंथेज या विकराचा एक भाग त्याच्याच जनुकातून बनतो. परंतु या विकराच्या केंद्रकातील जनुकात झालेला एक लहानसा बदल ही उणीव भरून काढतो, असे २०१३ मध्ये दाखवले गेले. मूलपिंड आणि कशाभिका यांचा क्रम मात्र या जातीतही तसाच चालू राहतो.

माणसाला सर्रा होत नाही, कारण माणसाच्या रक्तातील एपीओएल-वन हे प्रथिन या परजीवीच्या पेशीत शिरून तिला छिद्रे पाडते. या नियमाचा अपवाद महाराष्ट्रात सापडला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला, त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम दिसले आणि तपासणीअंती ते इव्हान्सी असल्याचे ठरले. माणसात या जातीचा संसर्ग निश्चितपणे सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ होती. रुग्ण सुरामिन या जुन्या औषधाने बरा झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या दोन्ही एपीओएल-वन जनुकांत बिघाड असल्याचे आणि त्यामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिन नसल्याचे आढळले. प्रयोगनळीत हे प्रथिन घालताच त्याच्या रक्तद्रवाला परजीवी मारण्याची शक्ती पुन्हा आली. त्या परिसरातील रहिवाशांची पाहणीही करण्यात आली, तेव्हा काहींच्या रक्तात परजीवीविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, म्हणजे परजीवी त्यांच्या शरीरात शिरला असण्याची शक्यता होती, पण त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात प्रत्यक्ष परजीवी दिसले नाहीत.